सभा सव्वा वाजता संपली

"थांब ताई. झाली तीन मिनिटं."

"अरे, मी अजून सुरुवातसुद्धा केली नाही!"

"तेच सांगतोय. तीन मिनिटं संपली आणि तू अजून 'सन्माननीय व्यासपीठा'वरून खाली उतरली नाहीस."

दवाखान्यातल्या सिस्टरने हातातला कागद कापड कापायच्या टेबलावर आपटला. नवऱ्याच्या शिंपीकामाच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसे. शटर अर्धे खाली ओढलेले होते. समोर श्रोते म्हणून हँगरला लटकवलेले चौदा शर्ट होते आणि एक बिनबाह्यांचा कोट. शिवाय स्टुलावर मनगटी घड्याळ काढून हातात धरून बसलेला धाकटा भाऊ आणि कोपऱ्यात शिलाई मशीनवर पाय मारणारा नवरा. सव्वीस वर्षे तिने शेकडो बायकांना "घाबरू नकोस, मी आहे ना" असे ठणकावून सांगितले होते. आता चौदा शर्टांसमोर ती स्वतःच घाबरली होती.

कागद तिचा नव्हता. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांनी तो मोठ्या प्रेमाने लिहून दिला होता. गावात कुणाचाही सत्कार असो की निरोपसमारंभ, भाषण मास्तरांच्याच हातचे असे. व्यासपीठ, व्यासपीठावरचे मान्यवर, समोरचे मान्यवर, माता आणि भगिनी या सगळ्यांना नमस्कार घालता घालता पहिले पान संपले होते. दुसऱ्या पानावर मातृत्वाची तुलना आधी सागराशी, मग धरणीशी आणि शेवटी दिव्याशी केली होती.

"दिव्यापर्यंत पोचायच्या आत माइक बंद होईल तुझा," भाऊ म्हणाला. "आणि तो मलाच बंद करावा लागेल."

त्याचा धंदाच तो होता. गावात कुठलीही सभा असो, माइक, कर्णे आणि तारा त्याच्याच. वीस वर्षे तो व्यासपीठाच्या कडेला बसून लोकांची भाषणे ऐकत आला होता. स्वतः तो कधी चार माणसांपुढे उभा राहिला नव्हता. पण कुठल्या वाक्याला माणसे खुर्चीत पुढे सरकतात आणि कुठल्या वाक्याला जांभई देतात, हे त्याच्याइतके गावात कुणाला कळत नसे.

तीन दिवसांनी जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातल्या साहेबांपुढे जनसुनावणी होती. गावातल्या सरकारी दवाखान्याचा बारा खाटांचा बाळंतपणाचा वॉर्ड बंद करून तो अडतीस किलोमीटरवरच्या मोठ्या इस्पितळात 'विलीन' करायचा प्रस्ताव होता. तशी नोटीस दवाखान्याच्या फाटकावर चिकटवलेली होती आणि कारणही दिले होते : 'प्रसूतींची घटती संख्या'. ते वाचले तेव्हा सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

घटणार नाही तर काय? डॉक्टरची जागा दोन वर्षे रिकामी. पोटातल्या बाळाचे ठोके दाखवणारे यंत्र बिघडले त्याला चौदा महिने झाले. दुरुस्तीसाठी तिने स्वतः नऊ पत्रे पाठवली. उत्तर एकाचेच आले, आणि त्यात पत्र चुकीच्या कार्यालयाकडे पाठवल्याबद्दल तिलाच समज दिलेली होती. वरून तोंडी हुकूम असा, की जरा अवघड वाटले की बाई पुढे पाठवून द्या. आधी बायका परत पाठवायला लावायच्या आणि मग बायका येत नाहीत म्हणून दाराला कुलूप लावायचे. माणसाचे पाय बांधावेत आणि याला चालता येत नाही असा दाखला द्यावा, तसली ही तऱ्हा!

पण हे बोलायचे कुणी? आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर "मी काय, इथला पाहुणा" म्हणून मोकळे झाले. वॉर्डातली आयाबाई म्हणाली, "मी उभी राहिले तर तोंडातून शिव्याच निघतील. तुम्ही बोला, सिस्टर. तुम्हाला शिव्या येत नाहीत." म्हणून सिस्टरने आपले नाव नोंदवले होते.

त्या संध्याकाळी तिने मास्तरांचा कागद घडी घालून ठेवून दिला आणि स्वतः लिहायला बसली. अकरा पाने झाली. कुठल्या वर्षी किती बाळंतपणे, त्यातली किती अवघड, किती पुढे पाठवली, कुठल्या पत्राचा जावक क्रमांक काय. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ती शर्टांना वाचून दाखवायला सुरुवात केली. दुसऱ्या पानाला भावाने जांभई दिली आणि ती लपवायची तसदीही घेतली नाही. कोपऱ्यातले मशीन भरधाव चालू होते.

"यातलं खोटं काय आहे?" ती उसळून म्हणाली.

"सगळं खरं आहे. पण आकडे साहेबाकडे तुझ्यापेक्षा जास्त असतात, ताई. तू दोन सांगितलेस की तो वीस सांगेल. तुझ्याकडे असं काय आहे जे त्याच्याकडे नाही?"

सिस्टरने क्षणभर विचार केला. "राग आहे."

"नुसता राग अर्धं मिनिट टिकतो. मग आवाज चिरकतो आणि लोक म्हणतात, बाई चिडली. राग कशाचा, ते सांग. भाषण म्हणून नको. मला सांग."

ती खुर्ची ओढून बसली. कागद मांडीवर पालथे पडले.

"गेल्या वर्षीची गोष्ट. एक भाजीवाली फाटकातून चालत आत आली. डोक्यावर काकड्यांची टोपली. मला म्हणते, सिस्टर, टोपली कुठे ठेवू? मी म्हटलं, बाई, टोपलीचं राहू दे, तू आधी आत ये. बघते तर वेळ अगदी भरलेली. पंचवीस मिनिटांत मुलगी झाली. मुलगी तिच्या छातीवर ठेवली, तर हिचा पहिला प्रश्न काय? 'काकड्या उन्हात आहेत का हो?' आयाबाईने पायरीवर बसून विकल्या तिच्या काकड्या. संध्याकाळपर्यंत एक राहिली नाही." ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज बदलला. "ती बाजारातून चालत आली होती रे. पाचशे पावलं. कळ आल्यावर टोपली उचलून चालत आली, कारण तिला ठाऊक होतं की पाचशे पावलांवर कुणीतरी आहे. तिला आता मी काय सांगू? कुणाकडे जा म्हणू?"

मग दोघांच्याही लक्षात आले की मशीन थांबले आहे. नवरा सुईखाली कापड तसेच धरून तिच्याकडे बघत होता.

"काय झालं हो?"

"काही नाही. दोरा तुटला," तो म्हणाला. दोरा तुटला नव्हता.

भावाने मांडीवर थाप मारली. "हे तुझं भाषण! टोपलीपासून सुरू करायचं. नमस्कार नको, चमत्कार नको. आणि शेवटी तोच प्रश्न विचारायचा : तिला मी काय सांगू? विचारलास की खाली बसायचं. पुढे एक शब्द नाही. तिथेच सगळे मार खातात. चांगलं बोलतात आणि मग अर्धा तास आभार मानत बसतात."

उरलेला दीड दिवस तिने तेच भाषण घोकले. उकळत्या पाण्यातून कात्र्या आणि चिमटे काढताना घोकले, चादरी मोजताना घोकले. आयाबाईने ते ऐकून दोनदा डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "माझं काकड्या विकणं जरा वाढवून सांगा की." भावाने तिला माइकपासून वीतभर लांब उभे राहायला शिकवले. हातांचे काय करायचे कळेना, तेव्हा नवऱ्याने सुचवले, "पदराला धरू नकोस. टेबलाला धर. टेबल घाबरत नाही." शेवटच्या तालमीला दोन मिनिटे पन्नास सेकंद लागली. ते ऐकून तिला परीक्षा पास झाल्यासारखे वाटले.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी साहेबांच्या कार्यालयातल्या कारकुनाचा फोन आला. आवाजात नुसती साखर.

"सिस्टर, यादीत तुमचं नाव बघितलं. बोला की, मनमोकळं बोला. फक्त आपण सगळे एकाच घरातले, एवढं असू द्या लक्षात."

"घरातल्या माणसाच्या पत्रांना घरातले उत्तर देतात," सिस्टर म्हणाली. तो हसला आणि त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरले. कडेवर पोरे घेतलेल्या बायका, दुकाने बंद करून आलेले दुकानदार, काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या. त्यातल्या निम्म्या पोरांचे पहिले रडणे सिस्टरने ऐकले होते. दहाची वेळ होती. साहेब दहा चाळीसला आले. आल्या आल्या म्हणाले, "आम्ही तुमचं ऐकायला आलो आहोत," आणि पुढची पंचवीस मिनिटे स्वतःच बोलले. पडद्यावर मोठ्या इस्पितळाची चित्रे दाखवली. चकचकीत फरशी, लिफ्ट, काचेचे दरवाजे. त्या काचेपर्यंत पोचायचे कसे, याचे चित्र मात्र एकही नव्हते.

मग बोलणाऱ्यांची नावे पुकारू लागले. "प्रत्येकाला तीन मिनिटं. नियम म्हणजे नियम," साहेब भावाकडे बघून म्हणाले. "तीन मिनिटं झाली की माइक बंद करायचा. कुणाचीही भीड बाळगायची नाही."

पहिले मास्तर. सिस्टरला लिहून दिलेले भाषणच ते स्वतः वाचू लागले; धरणीपर्यंत पोचले आणि माइक बंद झाला. बिचारे ओठ हलवत राहिले, मग कागदाची घडी करून खाली उतरले. सभागृहात हशा पिकला. सिस्टरला हसू आले नाही. त्या म्हाताऱ्याने चार रात्री जागून ते लिहिले होते. त्यानंतर एक तरुण मुलगा उठला. त्याची बायको आठव्या महिन्यात होती. तो बोलायच्या ऐवजी सारखा घसा खाकरत राहिला, आणि नेमका मुद्द्यावर आला तेव्हा त्याची तीन मिनिटे संपली. भावाने मान खाली घालून बटण फिरवले. साहेब तोवर मोबाइलमध्ये काहीतरी बघत होते. बोलणाऱ्याकडे त्यांनी एकदाही मान वर करून बघितले नाही. चौथी बाई, पाचवा दुकानदार. साहेबांची मान खालीच. सिस्टरच्या मनात टोपली होती, काकड्या होत्या, आणि आता त्यांच्या तळाशी काहीतरी खदखदू लागले होते.

सातवे नाव तिचे होते.

व्यासपीठावर चढल्यावर माइकपर्यंत जायची वाट साहेबांच्या टेबलासमोरून होती. टेबलाच्या टोकाला कालचा फोनवाला कारकून बसला होता. त्याने एक कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवले.

"सिस्टर, आधी सही. हजेरीची."

आधीच्या सहा जणांच्या सह्या खाली दिसत होत्या. पण सव्वीस वर्षांत सिस्टरने एक गोष्ट कधी केली नव्हती. न वाचता सही. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर अंगठा घ्यायच्या आधीसुद्धा ती बाईला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवत असे. तिने सहीचे पान उचलले. ते तिसरे पान होते. खाली आणखी दोन पाने टाचलेली होती.

"ते नका बघू, नुसती सही करा," कारकून दबक्या आवाजात म्हणाला.

तिने पहिले पान उलटून बघितले. वर ठळक अक्षरांत लिहिले होते : जनसुनावणीचे इतिवृत्त. तारीख आजची. ती वाचत गेली. तिच्या नजरेसमोर अक्षरे आधी पुसट झाली आणि मग इतकी स्वच्छ दिसू लागली की काही विचारू नका. तिने मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितले. बारा वाजायला दहा मिनिटे होती.

वॉर्ड बंद करणार, हे तिला मनातून कळून चुकलेच होते. सरकारचे घोडे एकदा सुटले की थांबत नाही, हे काय तिला नवीन होते? पण हे वेगळे होते. यांनी तिचे तोंडच काढून घेतले होते. तीन दिवस ती शर्टांपुढे उभी राहिली, मास्तर जागले, तो पोरगा घसा खाकरत राहिला, म्हाताऱ्या काठ्या टेकत आल्या. आणि या सगळ्यांनी काय बोलायचे ते यांनी आधीच टाइप करून, टाचणी मारून आणले होते!

"सिस्टर, कागद इकडे द्या," कारकून हात पुढे करत म्हणाला.

तिने दिला नाही. आपले भाषण तिने पर्समध्ये ठेवले, पर्सची चेन लावली आणि ते तीन कागद घेऊन ती माइकपुढे गेली. वीतभर लांब उभी राहिली. कडेला भाऊ तिच्याकडे बघत होता. तिच्या हातातले कागद आपले नाहीत हे त्याने ओळखले होते.

"मी बाळंतपणाच्या वॉर्डातली सिस्टर," ती म्हणाली. तिने टेबल धरले. "मी एक भाषण तयार करून आणलं होतं. पण आत्ता कळलं की माझं भाषण साहेबांनी आधीच लिहून ठेवलंय. तुमचंही लिहिलंय. तेच वाचते."

साहेबांनी पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर केली.

सिस्टर वाचू लागली. वॉर्डात संमतीपत्र वाचते तसेच. सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"'सभेस नागरिक मोठ्या संख्येने उपस्थित होते. अध्यक्षांनी प्रस्तावाची माहिती दिली व नागरिकांनी ती समाधानाने ऐकून घेतली.'"

मागून कुणीतरी फिस्सकन हसले.

"'नागरिकांच्या सर्व शंकांचे निरसन करण्यात आले. उपस्थित महिलांनी मोठ्या रुग्णालयातील अद्ययावत सुविधांबद्दल आनंद व्यक्त केला.'"

आता हशा मोठा झाला. "कधी केला गं?" एका बाईने दुसरीला मोठ्याने विचारले. "तू केलास का?"

"माइक बंद करा," साहेब म्हणाले.

भावाने हातातल्या घड्याळाकडे बघितले. मग अगदी आदबीने म्हणाला, "साहेब, अजून दोन मिनिटं पाच सेकंद आहेत त्यांची. नियम म्हणजे नियम."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सिस्टर थांबली नाही.

"'स्थानिक परिचारिकेने आपल्या मनोगतात प्रस्तावाचे मनःपूर्वक स्वागत केले.' ती परिचारिका म्हणजे मी. मी अजून तोंड उघडलेलं नाही. 'कोणाचाही विरोध नसल्याने प्रस्ताव एकमताने संमत झाला.'" तिने शेवटची ओळ वाचायच्या आधी श्वास घेतला. हसणे आता बंद झाले होते. "'आभारप्रदर्शनानंतर सभा दुपारी सव्वा वाजता संपली.'"

एकेक मान भिंतीवरच्या घड्याळाकडे वळली. बाराला आठ मिनिटे होती.

सिस्टर साहेबांकडे वळली. "साहेब, सव्वा वाजायला अजून बराच वेळ आहे. तोवर आम्ही इथे काय करायचं?"

आणि ती खाली उतरून आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. पुढे एक शब्द बोलली नाही.

पहिल्यांदा कोण उठले ते नंतर कुणालाच नक्की सांगता येईना. कुणी म्हणे तो आठव्या महिन्याच्या बायकोचा नवरा, कुणी म्हणे मास्तर. पण बघता बघता सगळे सभागृह उभे राहिले. आरडाओरडा नाही, खुर्च्यांची फेकाफेक नाही. नुसती माणसे उभी. साहेब म्हणाले, "तो कच्चा मसुदा आहे, तसा ठेवावाच लागतो." तेव्हा मास्तर माइकशिवायच गरजले, "विद्यार्थ्याने परीक्षेआधी निकाल लिहून आणला तर त्याला मसुदा म्हणतात का हो?" एवढे छोटे आणि एवढे धारदार वाक्य मास्तर आयुष्यात पहिल्यांदा बोलले असतील. साहेब मागच्या दाराने निघून गेले. कारकून इतिवृत्ताचे कागद शोधत राहिला. ते आयाबाईच्या मांडीखाली होते, आणि ती काही उठणार नव्हती.

सुनावणी रद्द झाली. आठ-दहा दिवस सिस्टरला गावात चालता येईना. कुणीतरी मोबाइलवर काढलेले तिचे वाचन घरोघर फिरले. मुले रस्त्यात एकमेकांना "सभा सव्वा वाजता संपली!" असे ओरडून सांगत. नवऱ्याच्या दुकानात माणसे नुसती बघायला येत आणि लाजेकाजेस्तव एखादी पँट लहान करायला टाकून जात.

मग फेरसुनावणीची नोटीस निघाली. या वेळी ठिकाण गावात नव्हते. अडतीस किलोमीटरवर, मोठ्या इस्पितळाच्या इमारतीत, कामाच्या दिवशी, सकाळी साडेनऊला. गावातून एकोणीस माणसे पोचली. सिस्टरची रजा नामंजूर झाली. त्या दिवशी इतिवृत्तात काय लिहिले गेले ते वाचायला कुणी नव्हते. सिस्टरला मात्र एक पत्र आले. कार्यालयीन कागद परवानगीशिवाय जाहीरपणे वाचल्याबद्दल खुलासा मागणारे. तिच्या नऊ पत्रांना चौदा महिन्यांत जे जमले नव्हते ते या पत्राला जमले होते : ते तीन दिवसांत पोचले. भावाचे सरकारी सभांचे काम काढून घेतले गेले.

"तुझं नुकसान केलं मी," ती त्याला म्हणाली.

"कसलं नुकसान? वीस वर्षं त्यांच्या भाषणांना आवाज दिला. कान किटले होते माझे." मग तो म्हणाला, "टोपलीचं भाषण राहिलं तेवढं वाईट वाटतं."

"मला नाही वाटत," सिस्टर म्हणाली. "तिची गोष्ट त्या माणसापुढे सांगायची म्हणजे... त्याने मान वर केली नसती रे. काकड्यांनासुद्धा काही मान आहे की नाही?"

सात महिन्यांनी वॉर्डाला कुलूप लागले. खाटा ट्रकमधून गेल्या. आयाबाईला घरी बसवले. सिस्टरची बदली मोठ्या इस्पितळात झाली. रोज सकाळी पावणेसहाची बस. तिथे फरशी खरोखरच चकचकीत होती आणि लिफ्ट बहुतेक वेळा बंद असे. तिथल्या पोरी तिला "त्या सव्वाच्या सिस्टर" म्हणून ओळखत, आणि थोडे अंतर राखूनच वागत.

बदलीनंतर तीन-साडेतीन महिने झाले असतील. एका दुपारी गावाकडची रुग्णवाहिका येऊन थांबली. मागचे दार उघडले तर आत एक विशीतली मुलगी डोळे मिटून पडलेली, तिच्या सासूच्या मांडीवर ओच्यात गुंडाळलेले बाळ, आणि गाडीच्या पत्र्यावर रक्त. बाळ जिवंत होते. निळसर पडले होते, गारठले होते, पण जिवंत होते. सिस्टरने नाळ कापली, बाळाला ऊब दिली, त्याच्या तळव्यांवर टिचक्या मारल्या, तेव्हा कुठे ते बारीक आवाजात रडले. मुलीला आत नेले. तिचे रक्त थांबायला दीड तास लागला.

सगळे आटोपल्यावर सिस्टर नोंदीचे मोठे पुस्तक घेऊन बसली. समोर सासू उभी होती. बाजूला रुग्णवाहिकेचा चालक. नोंदणीचा कारकून खिडकीतून डोकावत होता. हा वेगळा, साधा माणूस होता.

आईचे नाव. वय. मुलगी. जन्मवेळ सासूने अंदाजाने सांगितली. मग जन्मस्थळ.

"कुठे झाली?" सिस्टरने चालकाला विचारले.

"गाडीतच, सिस्टर. वीटभट्टी मागे पडली होती, पूल यायचा होता. मी गाडी बाजूला घेतली."

"दगड कितवा होता?"

"किलोमीटरचा? सतरा. समोरच होता. तेवढाच बघत बसलो होतो मी, मागे बघवेना."

सिस्टरने लिहिले.

कारकुनाने वाकून बघितले आणि तो चपापला. "अहो सिस्टर, तिथे रुग्णालय लिहायचं असतं. सगळे तसंच लिहितात. नाळ इथेच कापली ना?"

"नाळ इथे कापली. जन्म तिथे झाला."

"वरून विचारणा होईल हो. जन्मस्थळ रस्ता? असा रकानाच नाही आपल्याकडे."

"आता झाला," सिस्टर म्हणाली. "आणि विचारणा होऊ दे. उत्तर द्यायला मी इथेच आहे."

सासू टेबलाजवळ सरकली. तिला वाचता येत नव्हते. पुस्तकातल्या निळ्या ओळीकडे बोट करून तिने विचारले, "काय लिहिलंत, बाई?"

सिस्टरने पुस्तक तिच्याकडे वळवले, ओळीखाली बोट धरले आणि सावकाश वाचले, "जन्मस्थळ : रस्ता. वीटभट्टीच्या पुढे, पुलाच्या अलीकडे. किलोमीटर सतरा."

सासूने मान हलवली. "बरोबर," ती म्हणाली. "तिथंच झाली."

सिस्टरने शाई वाळू दिली आणि पुढच्या रकान्यात बाळाचे वजन लिहायला घेतले.